तीन वाजताची नात

दुपारी तीनच्या सुमारास शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबली, की आमच्या घराचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू होत असे. मुलगा आणि सूनबाई नोकरीवर. मिशिगनमधल्या त्या घरात दिवसभर आम्ही दोघेच. दीड वर्षापूर्वी पत्नीला अर्धांगाचा झटका आला होता. बोलणे पूर्ववत झाले, पायही सावरला. उजव्या हाताची पकड मात्र क्षीणच राहिली. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येत. रोजचा व्यायाम करून घेणे हे चौदा वर्षांच्या नातीचे काम. दप्तर टाकले, की ती आजीच्या मुठीत मऊ चेंडू ठेवी आणि मोठ्याने आकडे मोजी. मग दोघी काठीच्या आधाराने रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन येत.

नववीत गेल्यावर तिने एका रात्री जेवताना सांगितले, की शाळेच्या रोबोटिक्स संघात तिला जायचे आहे. आठवड्यातले तीन दिवस शाळा सुटल्यावर सहापर्यंत. जानेवारीपासून जवळजवळ रोज, प्रसंगी रात्री आठ-नऊपर्यंत.

"पुढच्या वर्षी बघू या," मी चटकन बोलून गेलो. नातीने मान खाली घातली आणि "बरं, आबा," एवढेच म्हटले. तिने हट्ट केला असता तर बरे वाटले असते.

रात्री पत्नी म्हणाली, "अहो, तिला माझी काठी करू नका." त्या रात्री मला झोप आली नाही. घरातल्या मुलावर शुश्रूषेचा भार पडला आहे, हे आपण सहसा मान्यच करत नाही. 'किती माया आहे हो तिला आजीची' असे म्हणून मोकळे होतो. माया होतीच, पण दुपारी तीनची वेळ तिने कोणाला विचारून दिली नव्हती आणि आम्हीही तिला कधी विचारले नव्हते.

रविवारी मुलगा, सूनबाई आणि आम्ही बसून आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मांडले. दोन दिवस सूनबाईने लवकर यायचे ठरले. दोन दिवस शेजारच्या गुजराती बाई चालायला सोबत येणार. त्यांनाही गुडघ्यासाठी चालणे सांगितलेलेच होते. चेंडूचा व्यायाम माझ्याकडे आला. तो घेताना पहिल्याच दिवशी कळले, की नात केवळ आकडे मोजत नव्हती. आजीचा अंगठा बाहेर राहिला तर तो ती हलकेच आत घेत होती. ते तिने मला शिकवले. शनिवार-रविवार तिचेच राहिले, तिच्या इच्छेने.

आता या खेळाविषयी. अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था १९८९ साली डीन केमन या संशोधकाने स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आमच्या वयाच्या वाचकांना हा मनुष्य दुसऱ्या कारणाने जवळचा वाटावा. अंगावर वागवता येणारा औषधाचा पंप त्याने तरुणपणीच बनवला. पायऱ्या चढणारी 'आयबॉट' ही चाकांची खुर्चीही त्याचीच. स्पर्धेचा नवा खेळ दरवर्षी जानेवारीच्या आरंभी जाहीर होतो आणि काही आठवड्यांत मुलांना ५० किलोहून अधिक वजनाचे यंत्र उभे करावे लागते. मैदानात तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. आरंभीची काही सेकंदे यंत्राने लिहून दिलेल्या आज्ञांवरच चालायचे, मग मुलांनी ते हाती घ्यायचे. या सामन्यात सोबती असलेला संघ पुढच्या सामन्यात प्रतिस्पर्धी असू शकतो. म्हणून एकमेकांना सुटे भाग उसने देण्याची तिथे रीतच आहे. भारतातही २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या अनेक मुलांच्या हाती अशी अवजारे आली आहेत. तुमच्या नातवंडांच्या शाळेत चौकशी करून पाहावी.

डिसेंबरात नातीने मला कार्यशाळेत नेले. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काढलेला माणूस. मोठ्यांची रीतसर पडताळणी झाल्यावरच मुलांमध्ये बसू देतात. तो नियम मला आवडला. ॲल्युमिनियमच्या कापलेल्या कडा तशाच धारदार सोडलेल्या पाहून राहवले नाही. कानस कशी धरायची, ती पुढे जातानाच दाब कसा द्यायचा, हे दाखवले. तासाभरात माझी कंबर धरली. काँक्रीटच्या फरशीवर उभे राहणे आपल्या वयाला मानवत नाही. दुसऱ्या खेपेपासून मी खुर्ची मागून घेतली. संरक्षक चश्मा सर्वांनाच सक्तीचा. आमच्यासारख्या मधुमेह्यांनी रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र मुलांच्या उत्साहापायी चुकवू नये; मी एकदा चुकवली आणि घाम फुटून खाली बसलो, तेव्हापासून खिशात गोळ्या-बिस्किटे असतात.

मुलांच्या झोपेकडेही लक्ष हवे. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप डॉक्टर सांगतात. फेब्रुवारीत नात साडेअकराला निजू लागली तेव्हा सूनबाईने संघाच्या शिक्षकांशी बोलून परतीची वेळ साडेसातवर आणली. थोडी कुरबुर झाली. आभाळ कोसळले नाही.

यंत्राभोवती लाल-निळ्या कापडाची गादीसारखी पट्टी बसवावी लागते, म्हणजे धडक सौम्य होते. ते कापड शिवायला कोणी नाही, असे नात म्हणाली. पत्नीने पुण्यात वीस वर्षे शिवणाचे वर्ग घेतले होते. यंत्रावर बसणे तिला शक्य नव्हते. तिने नातीला बसवले आणि स्वतः कोपऱ्याची चुण कुठे घ्यायची ते सांगत राहिली. कापड ताणून धरायला तिचा उजवा हात पुढे आला. दोन-तीनदा सुटले, पुन्हा धरले. हात बरा झाला असे मी म्हणणार नाही. पकड आजही तेवढीच आहे. पण त्या दुपारी तिने चेंडू मागितला नाही आणि मीही दिला नाही.

मार्चमधल्या स्पर्धेला तिला चाकांच्या खुर्चीतून नेले, कानांत बोळे घालून. गलका फार असतो. तिसऱ्या सामन्यात बॅटरीची जोडणी सैल झाली आणि आमचे यंत्र मैदानाच्या मधोमध निश्चल उभे राहिले. नात रडकुंडीला आली. पत्नी मात्र डोळे बारीक करून भलतीकडेच पाहत होती.

"डाव्या कोपऱ्याची शिवण उसवली आहे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर काढून आण."