कौतुकाला उत्तर काय द्यायचं?

“अय्या, किती छान साडी!” असं कुणी म्हटलं की तुम्ही काय म्हणता? अगदी खरं सांगा हं! “छे गं, जुनीच तर आहे.” नाहीतर, “सेलमध्ये मिळाली, अगदी स्वस्तात.” कालवणाची तारीफ झाली तर “आज मीठ जरा पुढेच झालंय”, आणि लेकाला कुणी गुणी म्हटलं तर “तुमच्यासमोर हो! घरी येऊन बघा कसा उच्छाद मांडतो!” समोरचीने प्रेमाने दिलेलं कौतुक आपण बायका हातातही धरत नाही, आल्या पावली परत पाठवतो.

आपल्या भाषेत हे सगळं खपून जातं. “छे, कसलं काय!” याचा अर्थ “तुला आवडलं ना, बरं वाटलं” असाच असतो, हे बोलणारीला ठाऊक आणि ऐकणारीलाही. पंचाईत होते ती भाषा बदलली की.

चिंचणीत दुपारच्या वेळी मी काही मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. त्यातली एक बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कचेरीत मुलाखतीला गेली होती. तिचे कागद पाहून साहेब म्हणाले, “युवर वर्क इज व्हेरी नीट.” पोरगी लाजून म्हणाली, “नो सर, नॉट नीट.” तिच्या मनात होतं ते आपलं “छे, कसलं काय!” साहेबांनी मात्र शब्द जसाच्या तसा घेतला आणि विचारलं, “मग कुणी मदत केली का?” आता काय सांगणार बिचारी! काम तर सगळं तिचंच होतं.

असं फक्त आपलंच होतं असं नाही, बरं का. पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात येमेन, इराक, सुदान अशा देशांतले अरबी बोलणारे विद्यार्थी बरीच वर्षं शिकायला येतात. पुण्याला माझ्या मावसबहिणीच्या शेजारी असंच एक येमेनी जोडपं राहत होतं. बहिणीने एकदा त्या बाईच्या ओढणीचं इंग्रजीत कौतुक केलं. बाईंनी ताबडतोब ओढणी काढून पुढे धरली, “प्लीज, इट इज फॉर यू!” बहीण नको नको म्हणतेय, बाई आग्रह करताहेत! बहिणीला वाटलं, मी मागितली असं यांना वाटलं की काय? आठवडाभर ती त्यांच्या दाराकडे फिरकली नाही.

खरं तर त्या बाई आपल्या घरचीच रीत पाळत होत्या. अरबी बोलणाऱ्या देशांत वस्तूची तारीफ झाली की ‘मुकद्दम’ असं म्हणायची पद्धत आहे. म्हणजे ‘ही तुमच्यापुढे ठेवली, तुमचीच समजा’. ऐकणाऱ्याने वस्तू घ्यायची नसते, ‘ती तुम्हालाच शोभते’ असं काहीतरी म्हणून परत करायची असते. आपण ‘जेवूनच जा’ म्हणतो ना, तसंच थोडंसं. पण हेच वाक्य इंग्रजीत नेलं की नुसती देणगी उरते, त्यातली रीत गळून पडते. गेल नेल्सन, महमूद अल-बतल आणि एरिन एकोल्स या अभ्यासकांनी 1996 साली सीरियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांची कौतुकाला दिलेली उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा त्यांनी हाच धोका दाखवून दिला होता. त्या अभ्यासात सीरियातल्या कुणीही कौतुक साफ नाकारलं नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. आपल्याकडे असा अभ्यास केला तर काय निघेल, हे मी सांगायला नकोच!

स्वयंपाक करणारीला तिकडे ‘तिस्लम ईदेकी’ म्हणतात, ‘तुझे हात सुखरूप राहोत’. आपणही ‘हाताला चव आहे’ म्हणतो, आणि जुनी माणसं पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणत, तेच ते. लेकराला छान म्हटलं की तिकडची आई ‘माशाल्लाह’ची वाट पाहते, इकडची आई बोटं मोडते, नाहीतर गालाला तीट लावते. भीती एकच, नजर लागण्याची. आणि गंमत म्हणजे ‘नजर’ हा शब्दच मुळी अरबी! ‘तारीफ’ही अरबी, आणि ऊसतोडीच्या टोळीपुढे असतो तो ‘मुकादम’ म्हणजे वरचा ‘मुकद्दम’च.

आपल्या किनाऱ्याला अरब परके नव्हतेच. इथे चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांतला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा आहे. त्या वेळी राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. मुहम्मद या नावाचं संस्कृतात चक्क ‘मधुमती’ करून टाकलंय! त्याने फुकट नावा सुरू केल्या, अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे, अशी त्याची स्तुती कोरलेली आहे. ती ऐकून तो काय म्हणाला, हे मात्र कुणी कोरून ठेवलं नाही.

आता पुन्हा आपल्या घरात येऊ. मला खरी काळजी वाटते ती इंग्रजीपेक्षा इथली. माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी दिवाळीत पाहुण्यांपुढे “छे, त्यात काय, सहज होऊन जातं” असं फराळाबद्दल म्हटलं. पुढच्या वर्षी यजमानांनी कचेरीतल्या आठ जणांच्या घरी डबे द्यायचं परस्पर कबूल केलं. “तूच म्हणालीस ना, सहज होतं?” चार रात्री उभ्याने चकल्या तळताना वहिनींना स्वतःचं ते वाक्य किती वेळा आठवलं असेल! आपल्याला विनय वाटतो, ऐकणाऱ्यांना ती माहिती वाटते. शेजारी बसलेल्या लेकीच्याही ते कानावर पडतच असतं. मुलाखतीत “नॉट नीट” म्हणणारी पोरगी ते शाळेत थोडीच शिकली होती?

लगेच फुशारकी मारा असं मी म्हणत नाही. 1978 साली अनिता पोमेरान्ट्झ या अमेरिकन अभ्यासिकेने लिहिलं, की कौतुक झालेल्या माणसाची दोन्हीकडून ओढाताण होते : बोलणाऱ्याला खोटं पाडायचं नाही, आणि स्वतःची स्तुतीही करायची नाही. म्हणजे थेट अमेरिकेतही ही अडचण आहेच! मधली वाट म्हणून मी मुलींना एवढंच शिकवते, की आधी “थँक यू” म्हणा आणि मग एखादी खरी गोष्ट जोडा. “थँक यू, इट टुक मी टू डेज.” दोन दिवस लागले, हे सांगण्यात कसली आलीय बढाई?

मराठीत घरच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणणं मात्र मलाही जमत नाही, फार परकं वाटतं. तिथे “आवडली ना? मीही मन लावून केलीय” एवढं पुरे. मग आणखी एक पुरणपोळी वाढा, वर तूप सोडा.