'रायफल रिकामी आहे' हे कोणत्या प्रमाणाने?

एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं केव्हा म्हणता येतं, या प्रश्नाभोवती आपली ही व्याख्यानं चालू आहेत. आज तो प्रश्न आपण ग्रंथांतून बाहेर काढू आणि एका वस्तूला लावून बघू. ती वस्तू म्हणजे जुनी लष्करी रायफल, आपली थ्री-नॉट-थ्री.

मुंबईकरांना ती परकी नाही. बंदोबस्तातल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण ती वर्षानुवर्षं पाहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर काही पोलिसांच्या हातात हीच होती, आणि 'जुनाट, कुचकामी' हा शिक्का तिच्यावर कायमचा बसला. जुनाट ती आहेच. ली-एनफिल्डचं मार्क तीन हे रूप 1907 चं. बंगालमधल्या इशापूरला रायफली बनत, आणि काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीला. पण जुनाट म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तिची गोळी दोन किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते. म्हणजे घाटकोपरला सुटलेली गोळी विद्याविहार स्टेशन ओलांडू शकते.

अशा वस्तूबद्दल सगळ्यात धोक्याचं वाक्य कोणतं? 'रिकामी आहे हो.' हे वाक्य कशाच्या आधारावर बोललं जातं, ते आपण तपासू. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द.

शब्दापासून सुरुवात करू. 'हवालदारसाहेब म्हणाले, रिकामी आहे.' हवालदारसाहेब खोटं बोलत नाहीत, हे मान्य. पण त्यांनी पाहिलं तेव्हापासून आत्तापर्यंत ती कोणाकोणाच्या हातात गेली? शब्द त्या क्षणापुरता खरा होता, रायफल मात्र पुढे गेली.

मग उपमान. 'कॉलेजात एनसीसीला होती, तशीच दिसते.' कवायतीसाठीच्या रायफलीवर डीपी असं कोरलेलं असतं, म्हणजे ड्रिल पर्पज. ती गोळीबारासाठी नसते. पुष्कळदा चेंबरला भोकही पाडलेलं असतं. तिच्यावर हात बसलेली मुलं चाप बिनधास्त ओढतात, आणि ती सवय पुढे खऱ्या रायफलीपर्यंत जाते. दुसरं साम्य आणखी फसवं आहे. इशापूरलाच पुढे 7.62 मिलिमीटरची 2ए रायफल बनली. अनोळखी डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, काडतुसं मात्र वेगळी. म्हणून 'तशीच दिसते' हा आधार इथे चालत नाही, शिक्का वाचायचा असतो.

अनुमान सगळ्यात हुशार, आणि म्हणून सगळ्यात घातक. 'मॅगझिन काढलंय, म्हणजे रिकामी.' चूक! मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात, पण अकरावी जागा नळीच्या मागे, चेंबरमध्ये असते. मॅगझिन काढलं तरी तिथली गोळी तिथेच राहते. उलट क्रमाने केलं तर आणखी वाईट. भरलेलं मॅगझिन जागेवर असताना बोल्ट मागे-पुढे केला, तर आधीची गोळी बाहेर पडते आणि नवी आत सरकते. माणूस बाहेर पडलेली गोळी बघतो आणि समाधानाने मॅगझिन काढतो.

उरलं प्रत्यक्ष. त्याचा क्रम असा. पहिल्यापासून शेवटपर्यंत नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. बोट चापापासून दूर. मग मॅगझिन काढायचं. इथे जपा, कारण त्याची कळ चापाच्या संरक्षक कडीतच, पुढच्या बाजूला असते. नंतर बोल्ट उघडून पूर्ण मागे घ्यायचा, चेंबरमध्ये उजेडात बघायचं, आणि करंगळीने चाचपायचं. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही.

यात एक गंमत आहे, गंभीर गंमत. या रायफलीची सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो. म्हणजे तपासायचं तर आधी सेफ्टी काढावी लागते. सुरक्षिततेची खात्री करून घेताना एक क्षण ती कमी सुरक्षित करावी लागते. त्या क्षणी आपल्याला वाचवणारी गोष्ट एकच, नळीची दिशा. आता मुलुंड-बोरिवलीच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये सुरक्षित दिशा कोणती? वर बिऱ्हाड, खाली बिऱ्हाड, भिंतीपलीकडे बिऱ्हाड. म्हणून हे काम घरात करायचंच नाही. ते शस्त्रागारात किंवा रेंजवर, जाणकारांच्या देखरेखीखाली.

रेंजवर चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. जुन्या काडतुसात दारू कधी उशिराने पेटते. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं आणि रेंज अधिकाऱ्याचं ऐकायचं.

आणि वडील-आजोबांच्या पेटाऱ्यात अशी रायफल किंवा काडतुसं सापडली तर? उचलून बघू नका, साफ करायला घेऊ नका. जवळच्या पोलिस ठाण्याला कळवा. परवानाधारक वारल्यावर वारसांनी शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र कायद्यात आहे.

शेवटचा मुद्दा. रायफल एकाने दुसऱ्याला द्यायची ती बोल्ट उघडून, दाखवून. घेणाऱ्याने पुन्हा स्वतः तपासायची, देणाऱ्याने आत्ता डोळ्यांदेखत तपासली असली तरीही. आपल्याकडे यात लोकांना अपमान वाटतो: 'माझ्यावर विश्वास नाही का?' विश्वास माणसावर आहेच. प्रश्न चेंबरचा आहे. वेदान्तातला माणूस दोरीला साप समजून घाबरतो, त्याचं नुकसान फक्त घाबरण्यापुरतं. इथे सापाला दोरी समजण्याची भीती आहे, आणि तो भ्रम दूर होईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्यक्ष, तेही स्वतःचं, आणि दर वेळी नवं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.