कमरेत आटे असलेला किडा

'जंगलात भुंग्याची नवी प्रजाती सापडली, अशा बातम्या येतात. पण शेजारी छापलेल्या फोटोतला किडा तर कुठल्याही काळ्या किड्यासारखाच दिसतो. मग तो नवा आहे हे ठरवतात कशावरून?' असं एका वाचकानं विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र रविवारच्या पुरवणीत थोडं संकोचून द्यावं लागतं: नराचं जननेंद्रिय बाहेर काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून.

उदाहरणादाखल एकच कूळ घेऊ, न्यू गिनीच्या जंगलातलं ट्रायगोनॉप्टेरस. हे सोंडकिडे. तांदळात होणारा सोंडा किंवा कोकणात माड पोखरणारा सोंड्या भुंगा ज्या गोतावळ्यातले, त्याच गोतावळ्यातले. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. पाठीवरची दोन पंखकवचं एकमेकांत घट्ट बसलेली, आणि त्यांच्याखाली उडायचे पंखच नाहीत. सोंड खाली वळवून पायांच्या मधल्या पन्हळीत चपखल बसवता येते. धोका वाटला की सोंड आत, सहाही पाय पोटाशी, आणि किडा मेल्याचं सोंग घेऊन पानावरून टपकन खाली पडतो. पाचोळ्यात पडलेलं ते बी आहे, की लेंडी, की प्राणी, हे पक्ष्यालाही कळत नाही आणि बऱ्याचदा कीटकशास्त्रज्ञालाही.

उडता येत नाही, त्यामुळे एका डोंगरावरचा किडा दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जात नाही. डोंगरागणिक प्रजाती वेगळी होत जाते, बाहेरचं रूप मात्र फारसं बदलत नाही. एकाच जंगलात काही प्रजाती झाडांच्या पानांवर, तर काही जमिनीवरच्या कुजक्या पाचोळ्यात. पाचोळ्यातल्या तर चाळणीनं चाळूनच गोळा कराव्या लागतात. गोळा झालेले शेकडो काळे-तपकिरी मणी टेबलावर ओतले की वाचकाचा प्रश्न तिथल्या तज्ज्ञालाही पडतो.

मग तो किड्याचं पोट उघडतो. आत टणक द्रव्याची एक नळी असते, तिच्या आत एक पिशवी, पिशवीत काटे, आकडे, कधी चाबकासारखी लांब शेपटी. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवलं की स्नायू, चरबी विरघळून जातात आणि उरतो तो टणक सांगाडा. बाहेरून जुळे भासणारे दोन नर इथं अगदी परके निघतात. असं का व्हावं? फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेआँ द्युफूर यानं १८४४ साली कुलूप-किल्लीची कल्पना मांडली होती: परक्या प्रजातीची किल्ली चालू नये म्हणून निसर्गानं खाचा वेगवेगळ्या पाडल्या. कल्पना सुटसुटीत, आणि तेवढ्यामुळेच फार दिवस टिकली. १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी जाडजूड पुस्तक लिहून तिला सुरुंग लावला. मादी काही मुकाट कुलूप नव्हे, मीलनानंतरही कुणाचं बीज वापरायचं याची निवड ती करत असते, आणि नरांच्या अवयवांतलं वैविध्य त्या निवडीतून येतं, असा त्यांचा दावा. वाद अजून मिटलेला नाही.

पण भुंग्यांच्या या नळीचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी पहिल्यांदा उभा केला, त्यांची नावं कुलूप-किल्लीच्या गोष्टीत येत नाहीत, म्हणून इथं थोडा थांबतो. डेव्हिड शार्प आणि फ्रेडरिक म्यूर. १९१२ साली लंडनच्या एंटॉमॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात या दोघांचा भुंग्यांच्या नर-जननेंद्रियांच्या तुलनेवरचा प्रबंध आला. शार्प हे मूळचे डॉक्टर, केंब्रिजच्या संग्रहालयात कीटक सांभाळलेले, प्रबंध आला तेव्हा सत्तरी ओलांडलेली. म्यूर मात्र वेगळ्याच मातीचा. तो हवाईतल्या ऊसमळेवाल्यांच्या संघटनेचा पगारी कीटकशास्त्रज्ञ होता, आणि त्याचं मुख्य काम नळ्या तपासणं नव्हे, तर ऊस पोखरणाऱ्या एका किड्याचा शत्रू शोधणं हे होतं. आपल्याकडचा खोडकिडा म्हणजे पतंगाची अळी. हवाईतला मात्र सोंडकिडाच!

या शोधापायी म्यूर काही वर्षं आग्नेय आशियातली बेटं आणि न्यू गिनी पालथी घालत फिरला. शेवटी त्याला सोंडकिड्याच्या अळीवर जगणारी एक माशी सापडली. खरी पंचाईत पुढं होती. बोटीचा प्रवास लांबचा, माशीचं आयुष्य तोकडं. हवाईला पोचेपर्यंत खोक्यातल्या सगळ्या माश्या मेलेल्या असत. त्यात म्यूरला टायफॉइडनं गाठलं. अखेर वाटेत क्वीन्सलँड आणि फिजीला मुक्काम करून, तिथल्या पिंजऱ्यांत उसाचे तुकडे आणि अळ्या पुरवून माश्यांची पुढची पिढी वाढवायची, आणि ती पिढी पुढच्या बोटीनं न्यायची, अशी युक्ती निघाली. १९१० साली माशी हवाईत रुजली आणि उसाला तिचा उपयोगही झाला. या सगळ्या धबडग्यातून वेळ काढून, शार्पसारख्या जाणत्या माणसाबरोबर बसून म्यूरनं भुंग्यांच्या एकेका कुळाची नळी सोलून काढली. आज कुठलाही भुंगातज्ज्ञ नवा नर हाती आला की चिमटा पहिल्यांदा नेमका कुठं नेतो, त्या सवयीमागं या दोघांचा प्रबंध आहे. मला म्यूर डार्विनच्या तोडीचा वाटतो असं नाही, पण त्याच्यावर एखादी कादंबरी का नाही, हे मला समजत नाही.

आता शंभर वर्षं पुढं येऊ. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या निसर्ग संग्रहालयातले अलेक्झांडर रीडल हे ट्रायगोनॉप्टेरसचे आजचे कारभारी. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू गिनीतल्या १०१ नव्या प्रजाती एका दमात जाहीर केल्या. जुन्या चालीनं एकेका प्रजातीचं पानपानभर वर्णन लिहीत बसलं तर जंगल आधी संपेल आणि यादी नंतर, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून त्यांनी तीनच गोष्टींवर भर दिला: डीएनएचा ६५८ अक्षरांचा एक ठरावीक तुकडा, चांगले फोटो आणि नराची ती नळी. डीएनए काढताना किडा कुटायचा नाही, अख्खा ठेवायचा, हीही दक्षता घेतली. एवढी नावं आणायची कुठून? त्यांनी पापुआ न्यू गिनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि तिथली आडनावं घेतली. मला ही कल्पना फार आवडली. ज्या बेटावर किडा सापडला, तिथल्याच माणसांचं आडनाव त्याला लागलं.

पुढं मात्र या नावांची जत्रा भरली. २०१६ साली याच कुळातल्या एका किड्याला 'स्टार वॉर्स'मधल्या केसाळ च्युबाकाचं नाव मिळालं. २०१९ साली रीडल आणि इंडोनेशियाचे रादेन प्रमेसा नाराकुसुमो यांनी सुलावेसी बेटावरच्या १०३ नव्या प्रजाती एकदम जाहीर केल्या. तोवर त्या अख्ख्या बेटावरून या कुळातली एकच प्रजाती नोंदलेली होती, तीही १८८५ सालची. आल्फ्रेड रसेल वॉलेससारखा भुंगेवेडा माणूस तिथं राहून गेलेला असूनही! केवढी मोठी गोष्ट! पण जगभर गाजलं ते काय? एका किड्याचं नाव योडा आणि आणखी तिघांची ॲस्टेरिक्स, ओबेलिक्स, इडेफिक्स.

गमतीच्या नावांना माझी ना नाही. च्युबाकाच्या डोक्यावर आणि पायांवर खरोखरच दाट खवले आहेत, म्हणजे नावातून शरीराबद्दल काहीतरी कळतं. टेरी अर्विन या अमेरिकन शास्त्रज्ञानं कॉस्टा रिकातल्या एका भुंग्याला अर्नोल्ड श्वार्झनेगरचं नाव दिलं, तेही नराच्या मधल्या पायांच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या होत्या म्हणून. माझी तक्रार एवढीच की बातमी नावापाशी थांबते, आणि किड्याच्या अंगात काय आहे ते वाचकापर्यंत पोचत नाही.

आणि अंगात जे आहे ते कुठल्याही योडापेक्षा विलक्षण आहे. २०११ सालच्या जुलैत 'सायन्स' नियतकालिकात टोमास फान डे काम्प, रीडल आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. न्यू गिनीतला ट्रायगोनॉप्टेरस ऑब्लाँगस हा किडा त्यांनी कार्ल्सरूहच्याच सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली ठेवला होता. इस्पितळातल्या सीटी स्कॅनसारखंच हे काम, फक्त कितीतरी बारकाईचं. चित्रांवरून त्रिमितीय शरीर उभं केलं, तेव्हा खुब्याच्या सांध्यात त्यांना चक्क नट आणि बोल्ट दिसला.

भुंग्यांच्या पायात खुब्याचा खंड आणि त्याला जोडलेला छोटा खंड यांच्यामध्ये साधारणपणे बिजागरी असते. पाय एकाच पातळीत वर-खाली होतो. इथं खुब्याच्या खंडाला आतल्या बाजूनं आटे पाडलेले आहेत, आणि त्यात बसणाऱ्या छोट्या खंडाला बाहेरून. आतले आटे ३४५ अंशांचे, म्हणजे पूर्ण वळशाला थोडे कमी. बाहेरचे ४१० अंशांचे, म्हणजे एक वळसा पुरा करून वर थोडे. सगळा मामला खसखशीच्या दाण्याच्या निम्म्यात मावणारा. दोन बाजूंचे स्नायू आळीपाळीनं ओढले की बोल्ट या अंगाला आणि त्या अंगाला फिरतो. पुढचे पाय सुमारे ९० अंशांत फिरतात, मागचे सुमारे १३० अंशांत. त्याहून जास्त फिरून चालणारही नाही, कारण पायात जाणाऱ्या नसा, श्वासनळ्या आणि स्नायू या बोल्टच्या पोटातूनच जातात. गोल गोल फिरवत बसलं तर सगळ्यांना पीळ पडेल.

याचा फायदा काय? पाय पोटाखाली खोलवर नेता येतो, पान किंवा डहाळी धरून स्थिर बसता येतं, आणि ती पकड टिकवायला फारसं बळ लागत नसावं, असा संशोधकांचा तर्क. असाच सांधा त्यांना इतरही सोंडकिड्यांत आढळला, तेव्हा ही एकट्या ऑब्लाँगसची लहर नव्हे. सोंडकिड्यांचा वंश डायनासोरांच्या काळापासून चालत आला आहे, त्यामुळे 'माणसाच्या आधी निसर्गानं स्क्रू शोधला' असे मथळे तेव्हा झळकले. त्यात मला फारसा राम वाटत नाही. निसर्गानं काही 'शोधलं' नाही, आणि आपल्या फिटरनंही किड्याकडून शिकलं नाही.

मला चक्रावून टाकते ती वेगळीच गोष्ट. हे आटे टणक कवचाचे आहेत. कॉस्टिक पोटॅशमध्ये ते विरघळत नाहीत. सूक्ष्मदर्शक, सुई आणि चिमटा शार्प-म्यूरच्या टेबलावरही होते. संग्रहालयांच्या खणांत लाखो सोंडकिडे टाचण्यांवर उभे आहेत. तरीही हे आटे २०११ पर्यंत कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. प्रजाती ठरवायला नळी पुरते, त्यामुळे नळी काढून घेतली जायची आणि पाय कार्डावर डिंकानं चिकटवून टाकले जायचे. शार्प आणि म्यूर यांनी भुंग्याकडे बघायची एक उत्तम सवय लावली, आणि त्याच सवयीनं बाकीच्या शरीरावर पडदा टाकला.

एकदम शंभर प्रजाती जाहीर करण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. जंगल ज्या वेगानं तुटतं आहे ते पाहता रीडल यांचं गणित चुकीचं नाही. पण तेच रीडल दोन्ही लेखांवर आहेत: एकीकडे एका किड्याच्या एका सांध्यावरचा बारीक अभ्यास आणि दुसरीकडे एका दमात १०१ नावं. या दोन कामांची गाठ घालणं त्यांच्याइतकं कुणाला सोपं जाणार? पुढच्या शंभरातली एक प्रजाती पानांवर राहणारी घ्यावी आणि एक पाचोळ्यातली. दोघींचे खुबे स्कॅन करावेत आणि आट्यांचे अंश मोजावेत. डहाळीला धरून बसायचं ज्याच्या नशिबीच नाही, त्या पाचोळ्यातल्या किड्याचा बोल्ट किती फिरतो?