मुंबई की पुणे : वसतिस्थानाची निवड आणि बोली

दोन मोठ्या शहरांपैकी कोणत्या शहरी बिऱ्हाड करावे हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. वेतन, घरभाडे, प्रवासास लागणारा वेळ आणि मुलांच्या शिक्षणाची सोय ह्यांची बेरीज-वजाबाकी करून मनुष्य निर्णय घेतो, असे ह्या विचारसरणीत गृहीत धरलेले असते. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु शहर निवडणारा मनुष्य त्याच निर्णयाने आपल्या मुलांची बोलीही निवडीत असतो, ह्या गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून किंवा वऱ्हाडातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबापुढे हा पर्याय बहुधा मुंबई आणि पुणे ह्या दोन शहरांच्या रूपाने उभा राहतो. रेल्वेने ही शहरे एकमेकांपासून १९२ किलोमीटर अंतरावर आहेत. भाषिक व्यवहाराच्या दृष्टीने त्यांतील अंतर ह्याहून पुष्कळच मोठे आहे.

प्रथम निवडीचे स्वरूप पाहावयास हवे. मुंबईला जाणाऱ्यांच्या बहुतेक पिढ्यांनी ‘निवड’ अशी केलीच नाही. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची स्थापना केली, आणि पुढे परळ-लालबागचा परिसर गिरणगाव ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या गिरणगावाने रत्नागिरी, सातारा व कोल्हापूर ह्या भागांतील माणसे ओढून घेतली ती नातेसंबंधांच्या दोरीने. गावचा एक मनुष्य गिरणीत लागला की तो भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्याला आणी. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, त्यांच्यापैकीच कोणा बाईने चालविलेली खानावळ आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने वापरली जाणारी झोपण्याची जागा, अशी ती व्यवस्था होती. कोकणात ‘चाकरमानी’ हा शब्द रूढ झाला तो ह्याच माणसासाठी. चाकरमानी मुंबईत राहत असे खरा, पण त्याचे घर कोकणातच असे. गणपतीला आणि शिमग्याला तो ‘घरी’ जाई. भाषेच्या दृष्टीने ह्याचा परिणाम असा झाला की गावची बोली त्या खोलीत जशीच्या तशी टिकली. मुंबईतील पहिल्या पिढीचे मराठी हे एक मराठी नव्हतेच. ते शेजारी शेजारी नांदणाऱ्या अनेक बोलींचे मोहोळ होते.

पुण्याची गोष्ट वेगळी. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर हे शहर राजधानी राहिले नाही. परंतु विद्येचे केंद्र म्हणून त्याला दुसरे आयुष्य लाभले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. बाहेरगावचा मुलगा पुण्यास येई तो बहुधा शिक्षणासाठी, आणि तो येताच त्याच्या बोलण्याची परीक्षा सुरू होई. कारखाने पुण्यास पुढे आले (पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स १९५४ मधला), आणि त्यांच्यापाठोपाठ कामगार वस्तीही आली. पण तोपर्यंत ‘पुण्याचे बोलणे म्हणजे शुद्ध बोलणे’ हे समीकरण पक्के झालेले होते.

हे समीकरण इतिहासाशी ताडून पाहिले असता एक गमतीची विसंगती आढळते. प्रमाण मराठीची लेखी बैठक तयार झाली ती मुख्यतः मुंबईत. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये तेथेच निघाले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, तेही मुंबईचेच. विद्यापीठही १८५७ मध्ये प्रथम मुंबईस आले. म्हणजे छापील मराठीचे कारखाने मुंबईत होते, आणि त्या मराठीचा उच्चार कसा असावा ह्याचा मान मात्र पुण्यातील एका विशिष्ट वर्गाच्या बोलीकडे गेला. कोणतीही बोली मुळात शुद्ध वा अशुद्ध नसते, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. प्रतिष्ठा तिला बोलणाऱ्यांच्या सामाजिक स्थानाकडून मिळते. पण हे सूत्र वर्गात मान्य करणारा विद्यार्थीही वर्गाबाहेर पडताच ‘पानी’ म्हणणाऱ्याकडे वळून पाहतो, हेही तितकेच खरे.

आता मुंबईतील भाषिक व्यवहार पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि तीत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या थोडेसे वर होते. पुणे जिल्ह्यात हेच प्रमाण तीन-चतुर्थांशांहून अधिक होते. अर्थात जनगणना मातृभाषा विचारते. मनुष्य दिवसभरात कोणती भाषा किती वापरतो हे ती विचारीत नाही. त्यामुळे ह्या आकड्यांवरून व्यवहाराचा थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तथापि ज्या शहरात एकाही भाषेचे बहुमत नाही तेथे अनोळखी माणसाशी बोलण्यास एखादी सामाईक भाषा लागतेच, आणि मुंबईत ते काम मुंबईच्या हिंदीने पत्करले आहे.

ह्या हिंदीची उपेक्षा विद्वानांनी पुष्कळ केली. ती वस्तुतः अभ्यासकाला मिळालेली आयती प्रयोगशाळा आहे. प्रमाण हिंदीतील ‘मैंने काम किया’ ह्या रचनेतील ‘ने’ तीत गळतो व ‘मैं काम किया’ असे रूप येते; ‘मुझे’च्या जागी ‘मेरे को’ येते; आदरार्थी ‘आप’चा वापर आक्रसतो; आणि ‘इधरीच’, ‘अभीच’ अशा रूपांत ‘च’ हे मराठीचे निश्चयार्थक अव्यय थेट येऊन बसते. (दक्खनीतही हा ‘च’ आढळतो, मराठीने आपल्या शेजाऱ्यांना दिलेली ही सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ देणगी असावी.) अनेक भाषिकांच्या संपर्कात व्याकरणातील विशेष भेद झिजतात आणि सर्वांना पेलतील अशी रूपे उरतात, ह्या सर्वमान्य तत्त्वाचे हे स्वच्छ उदाहरण होय.

देणेघेणे अर्थात एकतर्फी नसते. प्रमाण मराठीत ‘बोलणे’ आणि ‘म्हणणे’ ह्यांत स्पष्ट कार्यविभाग आहे. ‘तो माझ्याशी बोलला’, पण ‘तो म्हणाला की उद्या येईन.’ मुंबईत ‘तो बोलला की उद्या येईन’ हे सर्रास ऐकू येते. त्याचप्रमाणे ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’ हेही. ह्या दोन्ही रचनांना हिंदीत तंतोतंत जोड सापडते. परंतु म्हणून त्या सर्वस्वी हिंदीच्या आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल. मुंबईच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांच्या बोलींचा वाटा तपासल्यावाचून असा निवाडा देऊ नये. मुंबईचे मराठी बिघडलेले पुणेरी मराठी आहे, ही समजूत तर सोडूनच द्यावयास हवी. मुंबईचे मराठी पुण्याहून कधी आलेच नव्हते.

येथे प्रस्तुत प्रश्नाचे मर्म येते. मराठी कोठे टिकते हा एक प्रश्न आणि कोणती मराठी टिकते हा दुसरा प्रश्न. सामान्य चर्चेत ह्या दोहोंची गल्लत होते. पुण्यात मराठीला दुकानात, बँकेत, दवाखान्यात, नाट्यगृहात सर्वत्र वाव आहे. तेथे मराठी भाषिकाला भाषा बदलावी लागत नाही. मात्र बोली बदलावी लागते. मुंबईत रेल्वेच्या डब्यात शिरताच भाषा बदलावी लागते. पण मराठी बोलतेवेळी ते कोणत्या गावचे आहे ह्याची फारशी झडती होत नाही. पुण्यात मराठीचे क्षेत्र विस्तृत आणि तिची उतरंड कडक. मुंबईत क्षेत्र आकुंचित आणि उतरंड सैल.

पुण्यातील उतरंडीची किंमत कशी द्यावी लागते, हे कोल्हापूर भागातून आलेल्या विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. त्या भागात स्त्रिया प्रथमपुरुषी ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे सहज वापरतात. त्या बोलीच्या व्याकरणात ती पूर्णपणे नियमित आहेत. पुण्याच्या वसतिगृहात ह्याच रूपांवर हसू उमटते. काही आठवड्यांत ती ‘आले’, ‘जाते’ म्हणू लागते. सुटीत घरी गेल्यावर मात्र ‘आले’ हे रूप तोंडून निघाले तर तीच तेथे चेष्टेचा विषय होते, कारण आता ती ‘पुण्याची’ झालेली असते. दोन्ही ठिकाणी तिला स्वतःच्या बोलण्यावर पहारा ठेवावा लागतो. विल्यम लबॉव ह्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कविषयक अभ्यासात ज्या स्थितीला भाषिक असुरक्षितता म्हटले ती हीच. तिचा एक परिणाम म्हणजे अतिशुद्धी : ‘न’ आणि ‘ण’ ह्यांचा भेद नव्याने शिकणाऱ्याच्या तोंडी, जेथे मुळात ‘न’च हवा तेथेही ‘ण’ उमटण्याचा संभव असतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे, व तो म्हणजे मौन. चर्चासत्रात काही सांगण्यासारखे असूनही गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या मौनाचे कारण पुष्कळदा अज्ञानात नसून उच्चाराच्या धास्तीत असते. अध्यापकवर्गाने ह्याचा विचार करावयास हवा.

वऱ्हाडातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक क्रम दिसतो. ‘मले’, ‘तुले’ ही चटकन लक्षात येणारी रूपे तो आधी टाकतो. ‘तो येऊन राहिला’ ह्यासारख्या क्रियापदरचना मागे रेंगाळतात. जे ऐकणाऱ्याला खटकते ते आधी जाते, असा हा न्याय आहे.

ह्यावरून मुंबई उदार आणि पुणे संकुचित असा निष्कर्ष काढू नये. मुंबईत झडती उच्चाराची होत नसली तरी ‘घाटी’ हा शब्द तेथेच हिणविण्यासाठी वापरला गेला, आणि त्याचा रोख बोलीपेक्षा अंगमेहनत करणाऱ्या मराठी माणसावरच होता. शिवाय ज्या चाळींनी बोली सांभाळल्या त्या चाळींचा आधार डळमळला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाने गिरणगावाची घडीच मोडली. मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार अशी दूरदूर सरकत गेली. एका दालनावर उघडणारी दारे गेली आणि त्यांबरोबर शेजारणींच्या बोलींतून मुलाच्या कानावर पडणारे वैविध्यही गेले.

मुलाच्या कानाचा हा मुद्दा निर्णायक आहे. आईबाप घरात कोणती भाषा बोलतात ह्यावर मुलाची भाषा ठरते, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वयाच्या चार वर्षांपर्यंत ते बऱ्याच अंशी खरे असते. १९६७ मध्ये इंग्लंडात नव्याने वसविण्यास घेतलेल्या मिल्टन कीन्स ह्या शहरातील मुलांच्या बोलीचा पॉल करस्विल आणि ॲन विल्यम्स ह्यांनी अभ्यास केला. चार वर्षांची मुले आपल्या पालकांच्या उच्चारांना जवळची होती; आठ व बारा वर्षांच्या मुलांनी मात्र सवंगड्यांचे उच्चार उचलले होते. तात्पर्य, पालक शहर निवडतात तेव्हा ते मुलाचे सवंगडी निवडीत असतात, आणि सवंगडी भाषा निवडतात.

ह्या दृष्टीने पाहता शहरांच्या नावांपेक्षा वस्तीला अधिक महत्त्व येते. हिंजवडी किंवा खराडी येथील गृहसंकुलात वाढणारे मूल पुण्यात वाढते असे म्हणणे पत्त्यापुरतेच खरे. तेथील खेळाच्या मैदानावर निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मुले एकत्र येतात व त्यांचा व्यवहार हिंदी-इंग्रजीत चालतो. उलटपक्षी डोंबिवलीत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर मैदानात, जिन्यात, देवळात मराठीच अधिक पडते. सदाशिव पेठेत घर घेणे सामान्य पगारदाराला शक्य नाही, तसेच गिरगावातही नाही. म्हणजे जुन्या दोन शहरांतील जो भेद वर वर्णिला तो आज त्यांच्या गाभ्यापुरता शाबूत आहे, आणि नव्याने येणारा मनुष्य गाभ्यात राहावयास येतच नाही.

निवडच नाकारणाराही एक वर्ग आहे. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. पुढे सकाळी तिने मुंबईस जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या नोकरदारांची एक वेगळीच जमात तयार झाली. बिऱ्हाड पुण्यात, पोट मुंबईत. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर अशा माणसांत रस्त्याने जाणाऱ्यांची भर पडली. दिवसाचे सहा-सात तास प्रवासात घालविण्याचा हा सौदा हिशेबाच्या वहीत बसणारा नाही. तरीही तो अनेकांनी वर्षानुवर्षे केला, आणि त्यामागील कारणांत मुलांची शाळा व घरची भाषा ह्यांचा वाटा किती हे विचारण्याजोगे आहे.

ह्या सर्व प्रश्नाचा अभ्यास अद्याप घरापासून सुरू होतो व शाळेपाशी थांबतो. गृहसंकुलाचे मैदान, शाळेची बस आणि शिकवणीचा वर्ग ही तीन स्थाने घेऊन, एकाच जिल्ह्यातून आलेल्या व एकाच सुमारास मुंबईत आणि पुण्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतील आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या बोलण्याची नोंद समांतर करता येईल. त्यासाठी यंत्रसामग्रीही फारशी लागत नाही. ‘म्हणाला’ आणि ‘बोलला’, ‘मला मदत’ आणि ‘माझी मदत’, ‘न’ आणि ‘ण’ ह्या तीन जोड्यांची मोजदाद केली तरी पदव्युत्तर प्रबंधास पुरेल इतकी सामग्री एका वर्षात जमू शकेल.