सामान्य चामखीळ : स्वरूप, निदान आणि व्यवस्थापन

बीजसंज्ञा : चामखीळ, मानवी पॅपिलोमा विषाणू, सॅलिसिलिक आम्ल, शीतोपचार, प्रतिकारशक्ती

प्रस्तावना :
काही वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक वर्गात एक विद्यार्थिनी उजवा हात सतत ओढणीखाली झाकून बसत असे. सूक्ष्मदर्शक हाताळावयाची वेळ आली की ती मागे सरे. विचारणा केल्यावर कळले, की तिच्या बोटांवर तीन चामखिळी होत्या. घरच्यांनी त्यांवर बिब्ब्याचे तेल लावले, त्वचा भाजली आणि फोड आले. जखमा भरल्यावर काळपट व्रण मागे राहिला आणि त्याच्याच कडेला नवी चामखीळ उगवली. मूळ विकार जवळजवळ निरुपद्रवी होता. खरी इजा उपायाने केली. चामखिळीविषयीची शास्त्रीय माहिती सोप्या भाषेत मांडणे आणि अशा घाईच्या उपायांमागील गैरसमजांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारणमीमांसा :
चामखीळ हा मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होणारा त्वचेचा संसर्ग आहे. 1907 मध्ये इटालियन वैद्य ज्युझेप्पे चुफ्फो यांनी चामखिळीचा पेशीविरहित अर्क टोचून ती निर्माण होते हे दाखविले आणि तिचे विषाणुजन्य स्वरूप स्पष्ट झाले. या विषाणूचे 200 हून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. हातापायांवरील चामखिळींस मुख्यतः 1, 2, 4, 27 आणि 57 हे प्रकार कारणीभूत असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित असलेले 16 आणि 18 हे प्रकार त्यांहून वेगळे आहेत. त्यामुळे हातावर चामखीळ आहे म्हणून कर्करोगाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

त्वचेवरील सूक्ष्म ओरखड्यातून विषाणू बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींपर्यंत पोहोचतो. त्या पेशी वेगाने वाढू लागतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खरखरीत उंचवटा दिसतो. हा सारा व्यवहार बाह्यत्वचेतच चालतो. विषाणू रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस त्याची चाहूल उशिरा लागते. चामखिळीस खोलवर मूळ असते, ही समजूतही यामुळेच निराधार ठरते. तिच्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या होत.

प्रत्यक्ष स्पर्श, सामाईक टॉवेल, ओलसर फरशीवर अनवाणी चालणे, नखे कुरतडणे आणि चामखिळीवरून वस्तरा फिरविणे यांमुळे संसर्ग पसरतो.

निदान :
आपल्याकडे ‘चामखीळ’ हा शब्द बराच सैल वापरला जातो. मानेवर किंवा काखेत देठाने लोंबणाऱ्या मऊ मसालाही चामखीळच म्हणतात. परंतु मस विषाणुजन्य नसतो. तळपायावरील चामखीळ आणि भोवरी यांतही गल्लत होते. भोवरी सरळ दाबल्यास अधिक दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यास. भोवरीवरून त्वचेच्या रेषा पुढे जातात; चामखिळीपाशी त्या खंडित होतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उपचार निदानावर अवलंबून असतो.

व्यवस्थापन :
पहिला मार्ग प्रतीक्षेचा. मुलांमधील सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात. प्रौढांत मात्र त्या अधिक काळ रेंगाळतात. वेदना किंवा संकोच नसेल, तर उपचार न करणे हाही योग्य निर्णय ठरतो.

दुसरा मार्ग सॅलिसिलिक आम्लाचा. चामखीळ पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी, वरची मृत त्वचा कानशीने हलकेच घासावी, भोवतालच्या त्वचेस पेट्रोलियम जेली लावावी आणि औषध केवळ चामखिळीवर लावावे. हा क्रम रोज, सुमारे बारा आठवडे पाळावा लागतो. ती कानशी अन्यत्र वापरू नये. या उपचाराचे अपयश पुष्कळदा औषधापेक्षा मध्येच सोडलेल्या नेमामुळे असते.

तिसरा मार्ग शीतोपचाराचा. यात त्वचारोगतज्ज्ञ उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवितात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ही क्रिया पुन्हा करावी लागते. वेदना आणि फोड संभवतात. सावळ्या त्वचेवर फिकट किंवा गडद डाग राहू शकतो. विद्युतदहन आणि प्रतिकारशक्तीस चेतना देणारी इंजेक्शने हे पर्याय हट्टी चामखिळींसाठी योजले जातात. कोणत्याही उपचारानंतर चामखीळ पुन्हा उद्भवू शकते, ही कल्पना रुग्णास आधीच द्यावयास हवी.

चेहरा व जननेंद्रिये यांवरील चामखिळींवर घरगुती उपचार करू नयेत. मधुमेह, पायांतील मंद रक्ताभिसरण किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आम्ल वापरू नये. चामखीळ झपाट्याने वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर तपासणी अनिवार्य समजावी.

लोकोपचारांची चिकित्सा :
घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे हा आपल्याकडील प्रसिद्ध उपाय. देठ असलेल्या मसाचा रक्तपुरवठा त्याने तुटू शकतो. मात्र बसकी, विषाणुजन्य चामखीळ बांधायची कशी? चुना आणि सोड्याचा लेप किंवा बिब्बा निरोगी त्वचाही जाळतो, आणि त्या जखमेतून विषाणूस नवे प्रवेशद्वार मिळते. तरीही असे उपाय ‘गुणकारी’ ठरतात, याचे कारण उघड आहे. चामखीळ स्वतःहून जाण्याच्या सुमारास जो उपाय चालू असतो, त्याला श्रेय मिळते. मागाहून घडले म्हणून त्यामुळे घडले, हा तर्कदोष आपण वर्गात शिकवितो. घरात मात्र तो सहज स्वीकारतो.

समारोप :
चामखिळीचा अंत अखेरीस शरीराची प्रतिकारशक्तीच करते. उपचार तिला साहाय्य करतात. म्हणून योग्य निदान, सौम्य उपाय आणि चिकाटी ही व्यवस्थापनाची त्रिसूत्री म्हणता येईल. चामखीळ असलेल्या विद्यार्थ्यास प्रात्यक्षिकापासून किंवा खेळापासून दूर ठेवण्याची गरज नाही. ती चिकटपट्टीने झाकणे आणि टॉवेल स्वतंत्र ठेवणे पुरेसे आहे. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या चामखिळी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने काही महिन्यांत गेल्या. बिब्ब्याचा डाग मात्र राहिला. वेळीच कोणी विचारले असते, तर तोही टळला असता. ती विचारपूस करणे शिक्षकास निश्चितच शक्य आहे.