केदारनाथच्या वाटेवरील मुके सोबती
गढवाल हिमालयात, मंदाकिनीच्या उगमाजवळ ३,५८३ मीटर उंचीवर केदारनाथाचे मंदिर उभे आहे. गौरीकुंडाहून निघणारी पायवाट पूर्वी १४ किलोमीटरची होती. जून २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेला. मंदिर मात्र मागे येऊन अडकलेल्या प्रचंड शिळेमुळे बचावले. नदी ओलांडून जाणारी नवी वाट सुमारे १६ किलोमीटरची आहे. वृद्ध व अशक्त यात्रेकरूंना खेचराचा आधार घ्यावा लागतो. विरळ हवेत, निसरड्या दगडांवरून ओझे वाहणारा तो मुका जीवही थकतो. भाडे ठरविण्यापूर्वी त्याला विश्रांती व दाणापाणी मिळाले आहे ना, हे अवश्य पाहावे. ज्यांचे पाय साथ देतात, त्यांनी मात्र चालतच जावे. वाटेत एक मुक्काम वाढला तरी हरकत नाही.