बटण दाबणारा हात



मे २०२५ मधली गोष्ट. भारत-पाकिस्तान संघर्ष चालू होता. इकडे मालाडला आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा होत होते, आणि एका ताईंचा मुलगा मोबाइलवर ड्रोन हल्ल्याचा व्हिडिओ बघून टाळ्या वाजवत होता. ताईंनी विचारलं, "अरे, त्या घरात कोण होतं, दिसलं का तुला?" तो म्हणाला, "एवढ्या वरून कसं दिसणार?"

बैठक संपली, पण प्रश्न मनात राहिला. आज त्याबद्दलच बोलू.

लांबून मारणं म्हणजे काय, हे आपल्या मुंबईला शिकवायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब आणि त्याचा साथीदार टॅक्सीने सीएसटीला गेले. टॅक्सीत टायमरचा बॉम्ब ठेवून ते उतरले. ती टॅक्सी पुढचं भाडं घेऊन उपनगराकडे आली आणि विलेपार्ल्याला महामार्गावर तिचा स्फोट झाला. चालक गेला, प्रवासीही गेला. मारणारे तेव्हा तिथे नव्हतेच.

त्याहून लांब होते ते पाकिस्तानात बसून फोनवर हुकूम सोडणारे. ओलिसांना मारा, असंही ते सांगत होते. पोलिसांनी ते बोलणं ध्वनिमुद्रित केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही त्याची चर्चा आहे. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. हुकूम देणाऱ्यांच्या अंगावर रक्ताचा थेंबही उडाला नाही.

तो दहशतवाद होता; देशाचं सैन्य लढतं ते वेगळं, हे खरंच. सैनिकाच्या आईला विचारा, लांबून लढणं म्हणजे तिचा मुलगा जिवंत घरी येणं. ड्रोनचा कॅमेरा नीट वापरला, तर नेम चुकून निरपराध मरण्याचा धोका कमीही होऊ शकतो. म्हणून अंतर हाच गुन्हा, असं म्हणता येत नाही. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियमही तसं म्हणत नाहीत. ते सांगतात: लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा, लष्करी फायद्याच्या मानाने सामान्य माणसांची हानी भलतीच जास्त होणार असेल, तर हल्ला करू नका. हे नियम शत्रूला लागू, तसेच आपल्यालाही.

मग धोका कुठे आहे? एक, समोरचा माणूस पडद्यावरचा ठिपका होतो. ठिपक्याची दया येत नाही. दुसरा, जबाबदारी वाटली जाते. एकाने माहिती दिली, दुसऱ्याने मंजुरी दिली, तिसऱ्याने बटण दाबलं. प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त माझं काम केलं. आपल्या गटात बँकेतून पैसे काढायचे तर ठराव लागतो, सह्या लागतात. पैशाला सही लागते, मग जिवाला नको?

महाभारतात अश्वत्थाम्याने उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडलं. अर्जुनाला आपलं अस्त्र मागे घेता आलं, अश्वत्थाम्याला आलं नाही. आपल्याकडे म्हणतात, तो अजून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. सोडता येतं पण आवरता येत नाही, असं हत्यार हातात असणाऱ्याने किती जपायला हवं!

आणि त्याच २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक आपल्या हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर खटला चालला.

मैत्रिणींनो, युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण मूल असा व्हिडिओ बघत असेल, तर त्या ताईंसारखं विचारणं हातात आहे: त्या घरात कोण होतं? देश आपला असो की दुसऱ्याचा, हा प्रश्न सोडू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.